धायरी बंदराचे गावंडेकाका

आमच्या सोसायटीत उद्या पाणी येणार नसेल, तर फळ्यावर सूचना लागायच्या आधी गावंडेकाकांच्या गॅलरीत नरसाळं लटकतं. रॉकेल ओतायचं पत्र्याचं नरसाळं, काळ्या ऑइलपेंटने रंगवलेलं, टोक वर. टोक वर म्हणजे एक नंबर. अर्थ असा, की संकट आहे पण अजून लांब आहे. त्याच्याखाली तुपाचा रिकामा डबा, तोही काळा, लटकला की तीन नंबर. तीन नंबरला बादल्या भरून ठेवायच्या. दोन नरसाळी आणि मध्ये डबा दिसला, की पाच ते सातमधलं काहीतरी. मग पातेली, कळशा, कुकर, पोरांच्या वॉटरबॅगा, हाताला लागेल ते भरायचं. दहा नंबर आजवर एकदाच लागला. त्याचं रामायण पुढे सांगते.

हा सगळा थाट दोरीवर आणि कप्पीवर. दोरी ओढली की कप्पी कुईकुई करते, आणि अख्खी बिल्डिंग स्वयंपाक सोडून वर बघते. हे कुठे, तर धायरीत, तिसऱ्या मजल्यावर. आमच्यापासून समुद्र किती लांब आहे ते विचारू नका. आमचं जवळचं पाणी म्हणजे कालवा, आणि त्यातही म्हशी बसलेल्या असतात.

एकदा इंदूरहून नवरा-बायको भाड्याने राहायला आले. दोघंही कॉम्प्युटरवाले. पहिल्याच सकाळी समोरच्या गॅलरीत काळं नरसाळं बघून बाई घाबरली. करणीबिरणी असेल म्हणून तिने दाराला लिंबू-मिरची बांधली. काका जिना उतरताना थबकले. लिंबू बघितलं, खालच्या सात मिरच्या मोजल्या आणि अगदी गंभीरपणे तिच्या नवऱ्याला विचारलं, "हा कोणता नंबर?"

काका मूळचे अमरावतीकडचे. पंचविसाव्या वर्षापर्यंत समुद्र कॅलेंडरवर पाहिलेला. मग नोकरी लागली ती थेट विशाखापट्टणमच्या बंदरात, सिग्नल स्टेशनवर. वादळाची खबर आली की बंदरावर बावटा, म्हणजे नंबराप्रमाणे काळे शंकू आणि पिंपं, चढवायचा, हे काम. बोटवाले, कोळी, सगळे त्या बावट्याकडे बघून ठरवणार, की निघायचं की थांबायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. काकू तिकडेच गेल्या. मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर भाच्याने धायरीत स्वस्तात फ्लॅट बघून दिला, 'काका, आपण जवळजवळ राहू' म्हणाला, आणि सहा महिन्यांत स्वतः अमेरिकेला गेला. काका राहिले धायरीत, कप्पी आणि दोरीसकट.

"बावटा आधी, वारा मागून," हे त्यांचं पेटंट वाक्य. वारा सुटल्यावर बावटा चढवणारा माणूस त्यांच्या मते माणसात जमा नाही. दुसरं वाक्य, "हसतील. हसू द्या." ही दोन वाक्यं घेऊन त्यांनी अख्खं पुणं बंदरात काढलं. लिफ्ट त्यांच्याकडे धक्क्याला लागते. नवीन भाडेकरू आले की, "ताई, परवा एक जहाज लागलं. दोन पोरं, एक कॉम्प्युटर, गादी नाही." सिंहगड रोडचं तर त्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रकच करून लेटरबॉक्सशेजारी डकवलं होतं. धायरी फाटा, सकाळी साडेआठ, भरती. पावणेअकरा, ओहोटी. रविवारी संध्याकाळी उधाण, कारण खडकवासल्याला कणसं खायला गेलेले सगळे एकदम परत येतात. मी ते वेळापत्रक बघून नाक मुरडायचे आणि गुपचूप त्याप्रमाणे निघायचे. ऑफिसात लेटमार्क बंद झाले ते तेव्हापासून. पण कबूल कोण करतंय!

नव्या भाडेकरूंना ते पुण्यात राहायच्या युक्त्या फुकट सांगत. पत्ता तिघांना विचारावा, दोघांचं जुळलं की चालू लागावं. दुकानदाराला 'अमुक आहे का?' असं विचारू नये, 'तुमच्याकडे नसेलच ना?' असं विचारावं. मग तो हट्टाने माळ्यावरून काढून देतो. पुण्यात जन्मले मी, वाढले मी, आणि हे मला अमरावतीच्या माणसाकडून कळलं. मी करून पाहिलं. बुधवार पेठेत मिक्सरचं जुन्या मॉडेलचं भांडं पाच मिनिटांत मिळालं.

आता दहा नंबरचं. एका मे महिन्यात महापालिकेच्या कुणा माणसाने टपरीवर चहा पिता पिता काकांना सांगितलं, की मोठी लाइन फुटलीय, आठवडाभर टिपूस नाही. काका तडक घरी आले आणि घरात होते नव्हते तेवढे डबे-नरसाळी त्यांनी दोरीवर चढवली. दहा नंबर! लोकांनी रजा टाकल्या. पिंप भरली, टब भरले, एका घरात पाळण्याखालची परातसुद्धा भरली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं ते असं धो धो, की गच्चीवरची टाकी भरून वाहिली, जिन्यावरून धबधबा खाली आला आणि लिफ्ट चार दिवस बंद पडली. लोक हसले, मग चिडले. काका ओल्या जिन्यात लेंगा वर धरून उभे. "हसा," म्हणाले. "पण पाणी आहे नं घरात?"

मीटिंग झाली. सोसायटीची सेक्रेटरी मी. सरकारी कचेरीत वीस वर्षं टाचणं लिहिलेली बाई, मला काय, दोन मिनिटांत नोटीस तयार! 'गॅलरीत डबे, नरसाळी अथवा तत्सम वस्तू टांगू नयेत. हुकमावरून.' काकांनी त्याच संध्याकाळी सगळं उतरवलं. नोटिशीच्या प्रतीखाली 'वाचले' असं लिहून सही केली आणि मला आणून दिली. चेहरा पडलेला होता. मी म्हटलं, "काका, वाईट वाटून घेऊ नका." ते म्हणाले, "नाही नं ताई. वरून ऑर्डर आली की बावटा उतरवाच लागते." मला बोचलं, पण नोटीस काही मी मागे घेतली नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांत आमच्या सुजाताचा विषय निघाला. सुजाता माझी एकुलती एक. आमच्या दोन्ही घराण्यांत मिळून इंजिनिअर झालेली पहिली पोरगी. तिचा निकाल लागला तेव्हा सासूबाईंनी बुद्धविहारात अर्धा दिवस पेढेच वाटले होते. सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे रोज बसने हिंजवडी, एवढंच माझं ज्ञान. एक दिवस ती म्हणाली, "मम्मी, एक वर्षासाठी विशाखापट्टणम. प्रोजेक्ट आहे."

मिस्टर हडपसरला कारखान्यात, दोन दिवस कामावर त्यांचं लक्ष नाही. भाषा येत नाही, ओळखीचं कुत्रं नाही, आणि वर समुद्र.

"मम्मी, चिल. ऑफिसची बस आहे, पीजी आहे, मेस आहे."

"आणि अडीअडचणीला कोण आहे?"

"मोबाइल आहे ना!"

हे गावंडेकाकांच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते दारात. बंदर म्हटल्यावर माणूस असा फुलला होता, की जणू त्यांच्या घरीच कार्य निघालंय. "चार दिवस द्या," म्हणाले. पाचव्या दिवशी त्यांनी मला वही न्यायला बोलावलं.

त्यांच्या घरात मी आधी कधी आत गेले नव्हते. एक खाट, एक रेडिओ, ज्याचे निम्मे भाग बुधवार पेठेतून आणून त्यांनीच जोडले होते, काकूंचा फोटो, आणि खाटेसमोरच्या भिंतीवर एका खिळ्याला दोन काळी नरसाळी, एकमेकांकडे पाठ करून टांगलेली.

"काका, नोटीस काढली होती ना!"

"ती गॅलरीची. हे तर घरात आहे."

"हा कुठला नंबर?"

"अकरा." ते वही पुसत म्हणाले. "त्याच्या पुढे नंबर नाही. पण अकरा म्हणजे वादळ सगळ्यात मोठं असं नसते ताई. अकरा म्हणजे खबर तुटली. तिकडे काय चाललं, इकडे कळत नाही."

"कुणाची खबर?"

"जुनी आहे. चहा घेता?"

त्यांनी विषय बदलला आणि मीही ताणला नाही. वहीवर झोकदार अक्षरात लिहिलं होतं, 'बंदराच्या गावात राहावे कसे'. आत बावट्यांची चित्रं काढून एकापासून अकरापर्यंत अर्थ दिलेले. पुढे एकेक पान एकेका सूचनेचं. आम्ही तिघांनी जेवताना ती वही मोठ्याने वाचली आणि हसून हसून ठसका लागला.

'कडी-कोयंड्याला दर शनिवारी खोबरेल लावावे. खाऱ्या वाऱ्याने कुलूप गंजते व माणूस बाहेर राहतो.' 'जेवण तिखट आहे असे म्हणू नये. ताक मागावे. मागितल्यावर सगळे समजतात.' 'पहाटे मासळी बंदरावर बोटी येताना पाहाव्या. मासे विकत घेऊ नयेत, आपल्याला कळत नाहीत व त्यांना ते कळते.' 'वाट चुकल्यास उतार धरावा. उतार समुद्राशी जातो. समुद्राशी पोचले की गाव समजते.' 'समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये.' 'सकाळी नाश्त्याला पेसरट्टू खावा. मुगाचा डोसा असतो. पोहे मिळतील या आशेवर राहू नये.'

आणि पान सतरा. 'तीन नंबरच्या वर बावटा चढल्यास सामान घेऊन टेकडीवर अप्पलराजूंचे घर गाठावे.' पत्ता, खुणा, चौथ्या पायरीला तडा गेलाय इथपर्यंत सगळं. आणि शेवटी खाली रेघ मारून, 'माझे नाव सांगू नये.'

"हे काय भुताटकी प्रकरण आहे?" सुजाता म्हणाली. वही मात्र तिने बॅगेत टाकली.

चार महिने बरे गेले. पोरीचे फोन यायचे. कडीला खोबरेल लावत होती, ताक मागत होती. काका रोज जिन्यात विचारायचे, "वारा कसा आहे तिकडे?" मी म्हणायचे, "बरा आहे."

मग एका सकाळी मी डबा भरत असताना बेल वाजली. काका. अंगात बनियन, हातात रेडिओ.

"ताई, गॅलरीत टांगायची परवानगी नाही म्हणून तोंडी सांगतो. तिकडे बावटा चढला."

मी टीव्ही लावला. वादळ आहे, पण ते ओरिसाकडे सरकतंय, असं बाई हसत हसत सांगत होती. मी म्हटलं, "काका, हे बघा. तिकडे नाहीच आहे ते."

"सरकते ते. परत फिरते. मी तीस वर्षं पाहिलं. पोरीला फोन करा. सतरा नंबरचं पान म्हणा. आत्ता. लाइन आहे तोवर."

खरं सांगते, मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. दहा नंबरचा जिना माझ्या डोळ्यांपुढे होता. तरी मी फोन लावला.

"मम्मी, इथे लख्ख ऊन पडलंय! ऑफिस चालू आहे. मी बॅग घेऊन अनोळखी माणसाच्या दारात जाऊन उभी राहू? लोक हसतील."

"हसू देत," मी म्हटलं. तोंडातून काकांचंच वाक्य गेलं. "तू जा."

"बघते."

आणि फोन कट. पोरींचं 'बघते' म्हणजे काय असतं, हे आया जाणून असतात. 'बघते' म्हणजे नाही.

दुपारी टीव्हीवरची बाई हसायची थांबली. वादळ वळलं होतं. संध्याकाळपर्यंत विशाखापट्टणमचे फोन गेले, वीज गेली, गाड्या थांबल्या. सुजाताचा मोबाइल म्हणत होता, संपर्क होऊ शकत नाही. पीजीचा फोन मुका. पुण्यातल्या ऑफिसातले लोक गोड बोलत होते, पण त्यांनाही काही कळत नव्हतं. ती गेली की नाही गेली, एवढंच मला हवं होतं. बुद्धांच्या फोटोपुढे मी मेणबत्ती लावली आणि वंदना म्हणायला बसले, तर रोजची पाठ असलेली वंदना मला आठवेना.

काकांच्या घरी फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते येऊन आमच्या हॉलमध्ये बसले ते उठलेच नाहीत. फोन मांडीवर घेतला आणि एक नंबर फिरवायला लागले. डायरी नाही, चिठ्ठी नाही, नंबर तोंडपाठ. दर अर्ध्या तासाने फिरवायचे, कानाला लावायचे, ठेवायचे. मिस्टरांनी पोहे केले, तेही त्यांनी फोन मांडीवर ठेवूनच खाल्ले.

"कुणाचा नंबर आहे?"

"अप्पलराजूचा."

"मग त्यांना तुमचं नाव का नाही सांगायचं?" मी जवळजवळ ओरडलेच. "माझी पोरगी त्यांच्या दारात उभी राहिली, तर ओळख नको द्यायला?"

काकांनी रिसीव्हर खाली ठेवला. मग सांगितलं. अप्पलराजू आणि ते एकाच सिग्नल स्टेशनवर, वीस वर्षं, एकाच दोरीला. एक ओढायचा, एक बांधायचा. काकू गेल्या तेव्हा वर्षभर काकांचा डबा अप्पलराजूच्या घरून. काका त्याला मराठी शिकवायचे, म्हणजे आपली वऱ्हाडी. तो काकांना तेलुगू. मग अप्पलराजूच्या पोरीचं लग्न निघालं. समुद्राजवळच्या मैदानात मांडव घातला. आदल्या दिवशी काकांनी आभाळ पाहिलं, वारा पाहिला, आणि म्हणाले, तीन नंबर. मांडव हलवा. ऑफिसचा बावटा नव्हता. हा काकांच्या मनातला होता. पण अप्पलराजूचा त्यांच्यावर विश्वास. रातोरात मांडव उचलून एका गोदामात नेला. दुसऱ्या दिवशी पानसुद्धा हललं नाही. लख्ख ऊन! वऱ्हाड मूळच्या मैदानात जाऊन उन्हात उभं. निरोप पोचलाच नव्हता. दोन तासांनी घामाघूम होऊन गोदामात आले ते तणतणतच. मानपान, रुसवे, चारचौघांत तमाशा. अप्पलराजू सगळ्यांसमोर म्हणाला, "आजपासून माझ्या घरावर तुझा बावटा लावू नको."

"रागात बोलले असतील हो."

"बोलला नं. मी मग नाही लावला. त्याच वर्षी रिटायर झालो, इकडे आलो. सहा वर्षं झाली." त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. "सहा वर्षांत आज पहिल्यांदा फिरवून राहिलो. आणि आज लाइनच नाही."

मला त्यांचा राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. दोन दिवस आम्ही तिघं त्या फोनभोवती बसलो. मला पोरगी हवी होती आणि त्यांनाही तिकडची खबर हवी होती, आणि दोघांच्या मध्ये एकच मुकं यंत्र.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते वाजलं. लांबलचक घंटा, बाहेरगावचा फोन. मी झडप घातली.

"हॅलो, कोण बोलून राहिलं?" एक जाडाभरडा बाप्याचा आवाज. "गावंडे हाये का तिथं?"

मला वाटलं, अमरावतीहून कुणी नातेवाईक. अशा वेळी! मी म्हटलं, "फोन ठेवा, आम्ही मुलीच्या फोनची वाट बघतोय."

"पोरगी इथंच हाये नं बाप्पा! जेवून राहिली. लय बडबड करते."

मी फरशीवर बसले. मग तिचा आवाज. तोंडात घास. "मम्मी, मी ठीक आहे. एकदम ठीक. ऐक ना, पीजीचं छप्पर गेलं गं. माझ्या खोलीवरचं अख्खं."

मी रडत होते, हसत होते, मिस्टर खांद्यावर थोपटत होते की स्वतः आधार शोधत होते, काय माहीत. "तू गेलीस! मला वाटलं तू जाणार नाहीस."

"नव्हतेच जाणार. पण ते 'माझे नाव सांगू नये' डोक्यात बसलं होतं. म्हटलं, बघू तरी कोण आहे. गेले तर हे आजोबा दारात खो खो हसले. म्हणाले, आत ये. त्यानंतर दोन तासांनी वारा सुटला."

मग तिने सांगितलं, की आजोबांना गावंडेकाकांशी बोलायचंय. मी रिसीव्हर पुढे केला. काका उठून उभे राहिले, साहेबांपुढे राहतात तसे. कानाला लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा, की आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू यावा.

"काहून बे गावंडे! सहा वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"तिने नाव सांगितलं?" काका एवढंच म्हणाले.

"नाही नं! इमानदार पोरगी. 'एक काका, एक काका' करत होती. पण लख्ख उन्हात एक लेकरू बिऱ्हाड घेऊन दारात उभं. म्हटलं, असा भित्रा माणूस जगात एकच हाये."

"हसला का?"

"हसलो नं. मंग खिडक्या लावल्या."

"राजू, तो मांडव..."

"कोणता मांडव? पोरीले दोन लेकरं झाली! ते गोष्ट आम्ही सणाले सांगतो, लोकं पोट धरून हसते. तू नसते सांगाले, म्हणून मजा येत नाही."

काका रडले. तोंड भिंतीकडे करून, अगदी लहान पोरासारखे रडले. मग नाक पुसून म्हणाले, "बागुन्नारा?" म्हणजे बरे आहात ना. तिथून पुढे अर्धा तास तेलुगू. आम्हाला ओ की ठो कळलं नाही, पण मिस्टरांनी टीव्ही बंद केला आणि आम्ही ते शेवटपर्यंत ऐकलं. एवढं हलकं मला बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मी फळ्यावरची माझी नोटीस काढली आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. भिंतीवरचा खिळा रिकामा होता. दोन्ही नरसाळी टेबलावर होती आणि काका ब्लेडने त्यांचा काळा रंग खरवडत होते.

"घ्या," एक माझ्या हातात देत म्हणाले. "तेल ओताले चांगलं आहे. मी म्हणतो, आता घरी फोन घ्यावा."

"इतकी वर्षं का नाही घेतलात?"

"घेतला असता तर तो वाजत नाही हे रोज कळलं असतं नं ताई."

त्यांच्यासमोर बसून दुसऱ्या नरसाळ्याचा रंग मी खरवडला. गॅलरीतली कप्पी पुन्हा कुईकुई करायला लागली. परवाच तीन नंबर लागला, मी सगळ्या बादल्या भरल्या, आणि पाणी धो धो आलं. मी कुणाला काही बोलले नाही.

सुजाता वर्षाने परत आली. पुढच्या महिन्यात तिच्या ऑफिसातली दुसरी एक मुलगी विशाखापट्टणमला निघाली, तिच्यासाठी काकांनी नवी वही लिहिली. द्यायच्या आधी मी चाळून पाहिली. खोबरेल होतं, ताक होतं, उतार होता, पेसरट्टू होता. पान सतरावर पत्ता तोच, तडा गेलेली पायरी तीच. खाली मात्र वेगळं लिहिलं होतं:

'अप्पलराजूंकडे पहिल्याच रविवारी जेवायला जावे. वादळाची वाट पाहू नये. माझे नाव सांगावे.'